पासवर्डात @ आला की… कनेक्शन स्ट्रिंग कोडमधून कशी बांधावी

ॲप्लिकेशन लॅपटॉपवर नीट चालतं, स्टेजिंगलाही चालतं आणि प्रॉडक्शनला गेलं की 'होस्ट सापडत नाही' म्हणून आडवं पडतं. कोड तोच, लायब्ररी तीच, होस्टचं नावही बरोबर. वेगळा असतो तो पासवर्ड. लॅपटॉपवर तो साधा सरळ शब्द असतो, प्रॉडक्शनला जनरेटरमधून काढलेला चोवीस अक्षरांचा, त्यात @, #, /, % सगळं आलं. एरर पासवर्डाची आली असती तर कोणीही पासवर्ड बघितला असता. ती होस्टची येते, म्हणून माणसं डीएनएस, फायरवॉल आणि सिक्युरिटी ग्रुप तपासत दुपार घालवतात.

याचं मूळ एका ओळीत असतं: यूजर, पासवर्ड, होस्ट, पोर्ट आणि डेटाबेसचं नाव अधिकच्या चिन्हाने किंवा पायथनच्या एफ-स्ट्रिंगने एकमेकांना चिकटवलेली ओळ, म्हणजेच डेटाबेसला जोडताना द्यायची कनेक्शन स्ट्रिंग. एसक्यूएल क्वेरी अशी चिकटवू नये हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. कनेक्शन स्ट्रिंगच्या बाबतीत मात्र अजून सर्रास चालतं. खरं तर दोन्हींचा रोग एकच आहे. स्ट्रिंगला स्वतःचं व्याकरण असतं आणि आपण त्यात कच्चा माल ओततो.

या लेखात मुख्यतः पोस्टग्रेस आणि पायथन धरलंय, जिथे फरक पडतो तिथे एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएल. कीवर्ड आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमनमध्येच टाका.

यूआरएल नेमका कुठे चिरला जातो

समजा स्ट्रिंग अशी बनली:

पोस्टग्रेसक्यूएल://हिशेब:क7@ठ9@डीबी1:5432/पगार

पासवर्ड आहे 'क7@ठ9'. पोस्टग्रेसची सी लायब्ररी, लिबपीक्यू, डावीकडून वाचत जाते आणि पहिला @ दिसला की पासवर्ड संपला असं धरते. म्हणजे पासवर्ड 'क7' आणि होस्ट 'ठ9@डीबी1'. मग 'कुड नॉट ट्रान्सलेट होस्ट नेम' ही एरर येते आणि तिच्यात तो होस्ट जसाच्या तसा छापला जातो. थोडक्यात, अर्धा पासवर्ड लॉगमध्ये गेला. तिथून तो लॉग गोळा करणाऱ्या सर्व्हिसकडे, तिथून अलर्टच्या चॅट ग्रुपवर. हा पासवर्ड आता बदलावाच लागतो, नुसती एस्केपिंग (खास चिन्हांच्या जागी त्यांचं सांकेतिक रूप लिहिणं) दुरुस्त करून भागत नाही.

पायथनचं यूआरएलस्प्लिट मात्र शेवटचा @ धरतं. त्यामुळे वरची स्ट्रिंग त्याला बरोबर कळते. याचा परिणाम असा, की तुमची तपासणी स्क्रिप्ट यूआरएल फोडून 'होस्ट डीबी1, सगळं ठीक' सांगते आणि ड्रायव्हर त्याच स्ट्रिंगवर अडखळतो.

पासवर्डात / असेल तर गंमत वेगळी. लिबपीक्यू @ किंवा / यांपैकी जे आधी येईल तिथे थांबते. आधी / आला, तर तिला वाटतं यूजर-पासवर्ड दिलेलेच नाहीत. मग 'हिशेब' हा होस्ट ठरतो, / च्या आधीचा पासवर्डाचा तुकडा पोर्ट ठरतो आणि एरर येते की पोर्टची किंमत पूर्णांक नाही. पोर्टची एरर दिसली आणि पोर्ट तर 5432 स्वच्छ लिहिलाय, असं झालं की पहिला संशय पासवर्डातल्या / वर घ्या.

# चा घोळ उलट्या दिशेने होतो. लिबपीक्यूला # चं काही सोयरसुतक नाही, ती तो पासवर्डाचा भाग म्हणूनच घेते. पण यूआरएलच्या सर्वसाधारण नियमांनी चालणारे पार्सर # पासून पुढचं सगळं फ्रॅगमेंट मानून तोडतात. म्हणून पोस्टग्रेसच्या कमांड लाइन क्लायंटमध्ये, पीएसक्यूएलमध्ये, तीच स्ट्रिंग चालते आणि ॲप्लिकेशनमध्ये चालत नाही.

सगळ्यात छुपा %. त्याच्या पुढे सोळा-आधारी दोन अंक नसतील तर लिबपीक्यू सरळ तक्रार करते, ते बरं. पण पासवर्डात योगायोगाने %41 असं काही असेल, तर ते गुपचूप एका अक्षरात बदलतं आणि 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' येतं. स्ट्रिंग डोळ्यांनी कितीही वाचा, चूक दिसणार नाही.

एस्केप करायचंच असेल तर

यूआरएलमध्ये @ चं %40 होतं, : चं %3ए, / चं %2एफ, ? चं %3एफ, # चं %23, % चं %25 आणि मोकळ्या जागेचं %20. हे हाताने करू नका. पण फंक्शन निवडतानाही डोळे उघडे ठेवा, कारण जवळजवळ प्रत्येक भाषेत एक बरोबर फंक्शन असतं आणि त्याच्या शेजारीच एक फसवं.

पायथनमध्ये कोट हे फंक्शन मुळात / ला हात लावत नाही, कारण ते पाथसाठी बनवलंय. पासवर्डासाठी त्याला सेफ हा आर्ग्युमेंट रिकामी स्ट्रिंग म्हणून द्यावा लागतो. कोट-प्लस / एस्केप करतं, पण मोकळ्या जागेचं + करतं. लिबपीक्यू + चं परत मोकळ्या जागेत रूपांतर करत नाही, म्हणजे पासवर्ड बदलला. जावाच्या यूआरएलएन्कोडरचीही हीच खोड. पीएचपीत यूआरएलएन्कोडऐवजी रॉ-यूआरएलएन्कोड घ्या. जावास्क्रिप्टमध्ये एन्कोडयूआरआयकंपोनंट हवं. नुसतं एन्कोडयूआरआय घेतलं तर ते @, :, /, # यांना तसंच सोडतं, म्हणजे ज्यासाठी ते वापरलं तेच काम झालं नाही.

आणि एस्केप फक्त एकदाच, एकाच जागी. सिक्रेट मॅनेजरमध्ये कोणीतरी आधीच एस्केप केलेला पासवर्ड ठेवला आणि कोडने परत एकदा केला, की %40 चं %2540 होतं. नियम सोपा ठेवावा: साठवलेला पासवर्ड नेहमी कच्चा, एस्केपिंग फक्त स्ट्रिंग बांधणाऱ्या फंक्शनात.

यूआरएल बांधूच नये

बहुतेक वेळा यूआरएलची गरजच नसते. पायथनचा पोस्टग्रेस ड्रायव्हर सायकोपीजी, त्याच्या कनेक्ट फंक्शनला होस्ट, पोर्ट, डीबीनेम, यूजर, पासवर्ड हे वेगवेगळे आर्ग्युमेंट म्हणून देता येतात. कच्चा पासवर्ड कच्चाच जातो, प्रश्न मिटला. स्ट्रिंगच हवी असेल तर सायकोपीजी 3 मध्ये मेक-कॉनइन्फो आणि सायकोपीजी 2 मध्ये मेक-डीएसएन आहे. अवतरणं, बॅकस्लॅश सगळं तेच सांभाळतं.

एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या डेटाबेस लायब्ररीत यूआरएल.क्रिएट वापरा आणि मिळालेला ऑब्जेक्ट जसाच्या तसा क्रिएट-इंजिनला द्या. इथे एक सापळा आहे. 2.0 आवृत्तीपासून त्या ऑब्जेक्टवर एसटीआर चालवलं तर पासवर्डाच्या जागी तीन तारे येतात. लॉगसाठी हे उत्तमच. पण कोणी सवयीने एसटीआर करून ती स्ट्रिंग पुढे क्रिएट-इंजिनला दिली, तर सर्व्हरकडे खरोखर *** हाच पासवर्ड जातो. खरी स्ट्रिंग पाहिजेच असेल तर रेंडर-ॲज-स्ट्रिंगला हाइड-पासवर्ड फॉल्स द्यावं लागतं.

एसक्यूएलअल्केमीसोबतच्या मायग्रेशन टूलमध्ये, अलेम्बिकमध्ये, दुसरा सापळा. त्याची आयएनआय फाइल पायथनच्या कॉन्फिगपार्सरने वाचली जाते आणि त्याला % म्हणजे इंटरपोलेशनची खूण वाटते. नीट एस्केप केलेल्या यूआरएलमधला %40 तिथे 'इनव्हॅलिड इंटरपोलेशन सिंटॅक्स' देतो. सेट-मेन-ऑप्शनला देण्याआधी प्रत्येक % चं %% करा, नाहीतर यूआरएल त्या वाटेने न पाठवता अलेम्बिकच्या एन्व्ह.पीवाय फाइलमध्ये थेट इंजिन तयार करा. दुसरा मार्ग जास्त स्वच्छ.

आणखी एक किरकोळ पण हमखास अडवणारी गोष्ट: लिबपीक्यूला पोस्टग्रेस:// आणि पोस्टग्रेसक्यूएल:// दोन्ही चालतात, एसक्यूएलअल्केमीला 1.4 पासून फक्त दुसरं. काही होस्टिंगवाले एन्व्हायर्नमेंटमध्ये पहिलं देतात. तेवढं सुरुवातीचं नाव बदलून घ्यावं लागतं.

गो आणि मायएसक्यूएलच्या जोडीत नियमच वेगळा. तिथला डीएसएन (कनेक्शन स्ट्रिंगचंच दुसरं नाव) यूआरएलसारखा दिसतो, पण यूआरएल नाही: यूजर:पासवर्ड@टीसीपी(होस्ट:3306)/डेटाबेस. ड्रायव्हर शेवटचा / आणि त्याआधीचा शेवटचा @ शोधतो, पासवर्ड डिकोड करत नाही. म्हणजे इथे इमानेइतबारे पर्सेंट-एन्कोडिंग केलं तर चुकीचा पासवर्ड जाईल. न्यू-कॉन्फिगने कॉन्फिग घ्या, फील्ड भरा, फॉरमॅट-डीएसएनने स्ट्रिंग काढा. कॉन्फिगचं स्ट्रक्ट हाताने रिकामं बनवू नका. नेटिव्ह पासवर्ड चालू द्यावा हे डीफॉल्ट न्यू-कॉन्फिग भरतं, रिकाम्या स्ट्रक्टमध्ये ते बंद असतं आणि जुन्या पद्धतीचा यूजर लॉगिनच करू शकत नाही.

अर्धविरामवाली मंडळी

एसक्यूएल सर्व्हरच्या स्ट्रिंगमध्ये की=व्हॅल्यू अशा जोड्या ; ने वेगळ्या केलेल्या असतात. इथे पासवर्डातला ; घात करतो. डॉटनेटमध्ये किंमत अवतरणात घालायची, जेडीबीसी (जावाचे) आणि ओडीबीसी ड्रायव्हरमध्ये महिरपी कंसात, आणि त्या कंसातल्या किमतीत } आला तर तो दोनदा लिहायचा. हे लक्षात ठेवत बसण्यापेक्षा डॉटनेटमध्ये एसक्यूएलकनेक्शनस्ट्रिंगबिल्डर वापरा आणि जावात पासवर्ड प्रॉपर्टीज ऑब्जेक्टमधून द्या.

डॉटनेट आणि ओडीबीसीत पोर्टसाठी कोलन चालत नाही. तिथे होस्टनंतर स्वल्पविराम देऊन 1433 लिहायचं. पोस्टग्रेसच्या सवयीचा हात हमखास कोलन टाकतो आणि मग सर्व्हर सापडत नाही. होस्टनंतर बॅकस्लॅश देऊन इन्स्टन्सचं नाव लिहिलं असेल तर क्लायंट आधी यूडीपी 1434 वर ब्राउझर सर्व्हिसला पोर्ट विचारतो. फायरवॉलमध्ये फक्त टीसीपी 1433 उघडलेला असेल तर हे अडणारच.

चिकटवलेल्या स्ट्रिंगचा सुरक्षेचा धोका याच घराण्यात सगळ्यात स्पष्ट दिसतो. समजा डेटाबेसचं नाव ग्राहकाच्या कोडवरून ठरतं आणि तो कोड फॉर्ममधून येतो. कोणी त्यात नावानंतर ; टाकून वेगळा सर्व्हर किंवा 'इंटिग्रेटेड सिक्युरिटी=ट्रू' जोडलं तर? डॉटनेटचा एसक्यूएलक्लायंट एकच की दोनदा आली तर शेवटची धरतो, ओडीबीसी पहिली. म्हणजे 'आपली किंमत शेवटी लिहू, ती जिंकेल' ही युक्ती एका ड्रायव्हरवर चालते आणि दुसऱ्यावर उलटते. बिल्डर अशी किंमत अवतरणात बंद करून टाकतो. त्याहून बरं म्हणजे बाहेरून आलेलं नाव स्ट्रिंगमध्ये कधीच न घालणं. ग्राहकाच्या कोडवरून आपल्याकडच्या यादीतलं नाव शोधायचं, सापडलं नाही तर नकार.

लिबपीक्यूचाही असा की-व्हॅल्यू प्रकार आहे, फक्त जोड्या मोकळ्या जागेने वेगळ्या होतात. किंमत रिकामी असेल किंवा तिच्यात मोकळी जागा असेल तर एकेरी अवतरणात घाला. आतलं एकेरी अवतरण आणि बॅकस्लॅश यांच्याआधी बॅकस्लॅश.

तुकडे येतात कुठून

स्ट्रिंग बरोबर बांधली तरी तुकडेच नासके असतील तर काय उपयोग. यातले काही नासके तुकडे ओळखीचे आहेत.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट नसताना पायथनचं गेट 'नन' देतं, आणि एफ-स्ट्रिंग त्याचा मुकाट्याने शब्द करून टाकते. मग होस्ट 'नन' नावाचा शोधला जातो. जावास्क्रिप्टमध्ये हाच प्रकार 'अनडिफाइन्ड' या नावाने. म्हणून पायथनमध्ये गेट वापरू नका. चौकटी कंसाने वाचा, म्हणजे व्हेरिएबल नसेल तर प्रोसेस सुरू होतानाच पडेल, आणि एररमध्ये व्हेरिएबलचं नाव असेल.

.एन्व्ह फाइलमध्ये अवतरणाशिवाय लिहिलेल्या किमतीतला # बऱ्याच लायब्रऱ्या कॉमेंट समजतात, आणि कुठून समजतात हे प्रत्येकीचं वेगळं. एकेरी अवतरणात लिहा. डॉकर कंपोजच्या फाइलमध्ये $ हे व्हेरिएबलचं चिन्ह आहे, तिथे खरा $ हवा असेल तर $$.

कुबरनेटीसच्या सिक्रेटमध्ये किंमत बेस64 करून लिहावी लागते, आणि लोक इको करून बेस64 ला पाइप देतात. इको शेवटी नवी ओळ जोडतो. ती नवी ओळ पासवर्डाचा भाग बनते. पॉडच्या (कुबरनेटीसमध्ये ॲप्लिकेशनचा कंटेनर जिथे चालतो त्याच्या) आत जाऊन व्हेरिएबल छापलं तर काही दिसत नाही, कारण शेवटची नवी ओळ कोणाला दिसणार? इकोला -एन द्या किंवा प्रिंटएफ वापरा. संशय असेल तर पॉडमध्ये प्रिंटएफने किंमत डब्ल्यूसी -सी कडे पाठवून बाइट मोजा. चोवीसचा पासवर्ड पंचवीस निघाला की चोर सापडला. स्ट्रिंगडेटा हे फील्ड वापरलं तर बेस64 चा खटाटोपच वाचतो. बेस64 म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, हे वेगळं सांगायला नको. तरी गिटमध्ये अशी सिक्रेट फाइल ढकललेली दिसतेच. ढकलली गेली असेल तर इतिहास पुसण्याआधी पासवर्ड बदला.

लिबपीक्यूची एक सवय माहीत हवी. तुम्ही जे दिलं नाही ते ती स्वतः भरते. आधी एन्व्हायर्नमेंटमधून, म्हणजे पीजीहोस्ट, पीजीपोर्ट, पीजीयूजर, पीजीडेटाबेस, पीजीपासवर्ड, पीजीएसएसएलमोड वगैरे. तिथेही नसेल तर यूजर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा यूजर आणि डेटाबेस म्हणजे यूजरच्याच नावाचा. म्हणून 'डेटाबेस हिशेब अस्तित्वात नाही' अशी एरर आली आणि हिशेब हे यूजरचं नाव असेल, तर डेटाबेसचं नाव स्ट्रिंगमध्ये पोचलेलंच नाही. होस्ट रिकामा राहिला तर लिनक्सवर युनिक्स सॉकेट शोधला जातो, आणि एररमध्ये सॉकेट फाइलचा पाथ दिसतो. पाथ दिसला की होस्ट रिकामा आहे हे समजून जावं.

हाताने चालवायच्या स्क्रिप्टसाठी होम डिरेक्टरीतली .पीजीपास फाइल चांगली: होस्ट, पोर्ट, डेटाबेस, यूजर, पासवर्ड, मध्ये कोलन. फाइलची परवानगी 0600 हवी. ती सैल असेल तर लिबपीक्यू फाइलकडे दुर्लक्ष करते. कमांड लाइनवर पूर्ण यूआरएल देणं मात्र टाळा. पीएस कमांडमध्ये तो त्या मशीनवरच्या इतरांना दिसू शकतो.

लोकलहोस्ट म्हणजे कुठलं घर

कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तोच कंटेनर. कंपोजमध्ये होस्ट म्हणून सर्व्हिसचं नाव द्या, आणि पोर्ट आतला द्या. बाहेर 5433 मॅप केला असला तरी सर्व्हिस-सर्व्हिसमध्ये 5432 च.

मायएसक्यूएलचा क्लायंट युनिक्सवर लोकलहोस्ट हा शब्द पाहिला की टीसीपी सोडून सॉकेट फाइल धरतो, पोर्ट दिला असला तरी. टीसीपीच हवं असेल तर 127.0.0.1 लिहा. एसएसएच टनेल उघडून लोकलहोस्टला जोडताना हे हमखास आडवं येतं, आणि ज्याच्या मशीनवर लोकल मायएसक्यूएलही चालू आहे त्याची तर चांगलीच फजिती: तो समजतो प्रॉडक्शन बघतोय आणि बघत असतो स्वतःचाच डेटा. उलट झालं तर जास्त वाईट. नोडमध्ये 17 पासून लोकलहोस्टचा पत्ता आयपीव्ही6 चा, म्हणजे ::1, आधी मिळू शकतो, आणि सर्व्हर फक्त 127.0.0.1 वर ऐकत असेल तर 20 च्या आधीच्या आवृत्त्यांत 'कनेक्शन रिफ्यूज्ड'.

टीएलएस: गप्प बसवू नका

लिबपीक्यूचं एसएसएलमोड, म्हणजे टीएलएस एन्क्रिप्शनची सेटिंग, न दिल्यास 'प्रिफर' असतं. याचा अर्थ जमलं तर एन्क्रिप्शन, नाही जमलं तर तसंच. 'रिक्वायर' दिलं तर एन्क्रिप्शन नक्की, पण समोरचा सर्व्हर खरा कोण हे तपासलं जाईलच असं नाही. नेटवर्क ओलांडून जाणाऱ्या कनेक्शनला 'व्हेरिफाय-फुल'च हवं आणि सोबत एसएसएलरूटसर्टमध्ये सीएची (सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या संस्थेची) फाइल. पोस्टग्रेस 16 च्या लिबपीक्यूपासून तिथे 'सिस्टिम' लिहून ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्टिफिकेट साठा वापरता येतो. व्हेरिफाय-फुलमध्ये होस्टचं नाव सर्टिफिकेटशी जुळावं लागतं, म्हणून आयपी पत्त्याने किंवा घरगुती डीएनएस उपनावाने जोडलं तर ते नाकारतं. तो बिघाड नाही, त्याचं कामच ते आहे.

एसक्यूएल सर्व्हरच्या बाजूला, मायक्रोसॉफ्ट.डेटा.एसक्यूएलक्लायंटच्या 4.0 आवृत्तीपासून एन्क्रिप्ट डीफॉल्टनेच चालू आहे, ओडीबीसी ड्रायव्हर 18 मध्येही. लायब्ररी वर नेली आणि 'सर्टिफिकेट चेन विश्वासार्ह नाही' आलं, ते यामुळे. इंटरनेटवरचं पहिलं उत्तर असतं: ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट ट्रू करा. लॅपटॉपवर करा, काही बिघडत नाही. प्रॉडक्शनच्या स्ट्रिंगमध्ये ते टाकणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच ठेवणं. सीए इन्स्टॉल करा.

वेळ, मोजमाप, नावाची पट्टी

लिबपीक्यूत कनेक्ट-टाइमआउट दिलं नाही तर तिच्या बाजूने मर्यादाच नाही. पॅकेट गिळणाऱ्या फायरवॉलसमोर लिनक्सचं टीसीपी स्वतः हार मानेपर्यंत, म्हणजे साधारण दोन मिनिटं, थ्रेड अडकून राहतो. 5 सेकंद द्या. स्वल्पविरामाने दोन होस्ट दिले असतील तर ही मर्यादा प्रत्येकाला वेगळी लागते, म्हणजे एकूण 10. दोन होस्ट देताना टार्गेट-सेशन-ॲट्र्सला 'रीड-राइट' द्यायला विसरू नका, नाहीतर फेलओव्हरनंतर स्टँडबायला (फक्त वाचता येणाऱ्या प्रतीला) जोडून इन्सर्ट मारत बसाल.

स्टेटमेंट-टाइमआउट ऑप्शन्समधून देता येतो, पण यूआरएलमध्ये त्यातली मोकळी जागा %20 आणि = चं %3डी हवं; नुसतं = लिहिलं तर लिबपीक्यू 'जास्तीचं =' म्हणून नाकारते. मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा प्रॉक्सी) असेल तर जपून. जुन्या आवृत्त्या ऑप्शन्स घेत नाहीत, आणि इग्नोअर-स्टार्टअप-पॅरामीटर्समध्ये ते टाकलं की एरर जाते, पण टाइमआउटही जातो. अशा ठिकाणी ऑल्टर रोल करून तो यूजरवरच लावावा.

पूलचा (परत वापरायला उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्याचा) आकडा स्ट्रिंगमध्ये सहज लिहिला जातो आणि तिथेच गणित चुकतं. पोस्टग्रेसचं मॅक्स-कनेक्शन्स मुळात 100, त्यातली 3 सुपरयूजरसाठी राखीव. एसक्यूएलअल्केमीचा पूल 5 आणि ओव्हरफ्लो 10, म्हणजे प्रत्येक प्रोसेसला 15 पर्यंत. चार पॉड, प्रत्येकात चार वर्कर: 4 × 4 × 15 = 240. साध्या दिवशी हे दिसत नाही. गर्दीच्या वेळी सगळे ओव्हरफ्लोत जातात आणि जागा संपल्याची एरर येते. आकडा वरून खाली काढा: 97 मधून मायग्रेशन, बॅकअप, मॉनिटरिंगचे काढून उरलेले प्रोसेसच्या संख्येने भागा. ऑटोस्केलिंग असेल तर पॉडची कमाल संख्या धरा.

डॉटनेटमध्ये पूल स्ट्रिंगवरून ओळखला जातो, आणि स्ट्रिंग तंतोतंत जुळावी लागते. कीवर्डचा क्रम बदलला तरी वेगळा पूल. ॲप्लिकेशन नेममध्ये लॉगिन केलेल्या माणसाचं नाव घालण्याची हौस केली, तर प्रत्येक माणसामागे एक पूल तयार होतो, प्रत्येकाची कमाल 100. ॲप्लिकेशन नेम जरूर द्या, पण ते सर्व्हिसचं: 'पगार-वेब', 'पगार-रात्रीचं-काम'. पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीत कुठलं कनेक्शन कुणाचं हे त्यावरूनच कळतं, आणि रात्री दोन वाजता तेवढंच पाहिजे असतं.

मराठी मजकूर आणि भारतीय वेळ

मायएसक्यूएलच्या स्ट्रिंगमध्ये कॅरेक्टर सेट यूटीएफ8एमबी4 द्या. तिथलं जुनं यूटीएफ8 तीनच बाइटचं आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेतं, म्हणून मराठी त्यात नीट बसतं आणि सगळं ठीक आहे असा भ्रम होतो. मग कोणी नावापुढे इमोजी टाकतो, तो चार बाइटचा, आणि इन्सर्ट पडतो. टेबल यूटीएफ8एमबी4 पण कनेक्शन लॅटिन1 असेल, तर वाचताना मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. टेबलातला डेटा शाबूत असतो, स्ट्रिंग सुधारली की परत दिसतो. पण तीच प्रश्नचिन्हं फॉर्ममधून परत सेव्ह झाली तर गेला.

गोच्या डीएसएनमध्ये पार्सटाइम ट्रू नसेल तर तारखा बाइटच्या रूपात येतात. एलओसीमध्ये आशिया/कोलकाता द्यायचं असेल तर मधला / एस्केप करावा लागतो. फॉरमॅट-डीएसएन ते करतं. एलओसीमुळे फक्त गोच्या बाजूचा अर्थ बदलतो, सर्व्हरचा टाइमझोन नाही. माझं मत विचाराल तर दोन्हीकडे यूटीसी ठेवा आणि साडेपाच तास दाखवताना मिळवा.

पासवर्डच 15 मिनिटांचा असेल तर

ॲमेझॉन आरडीएस या क्लाउड डेटाबेसला आयएएम टोकनने (पासवर्डाऐवजीच्या तात्पुरत्या परवान्याने) जोडताना टोकन 15 मिनिटं चालतं. ते फक्त जोडताना तपासलं जातं, उघडलेली कनेक्शन तुटत नाहीत. पण सुरुवातीला एकदा स्ट्रिंग बांधून ठेवली, तर पूल सोळाव्या मिनिटाला नवं कनेक्शन उघडताना नापास होतो. आणि हे डिप्लॉयच्या वेळच्या तपासणीत दिसत नाही. इथे स्ट्रिंगऐवजी फंक्शन द्यायचं: नोड-पोस्टग्रेस आणि एसिंकपीजीत पासवर्ड म्हणून फंक्शन चालतं, एसक्यूएलअल्केमीत डू-कनेक्ट इव्हेंट आहे, गोच्या पीजीएक्स पूलमध्ये बिफोर-कनेक्ट. टोकनमध्ये /, &, = आणि % भरलेले असतात, म्हणून ते यूआरएलमध्ये एस्केप न करता घालायचा विचारही नको.

तपासणी

सुरू होताना एक ओळ लॉग करा: होस्ट, पोर्ट, डेटाबेस, यूजर, एसएसएलमोड. ही ओळ तुकड्यांवरून बनवा. पूर्ण स्ट्रिंग घेऊन रेगेक्सने पासवर्ड झाकू नका. पासवर्डात @ असला की तोच रेगेक्स अर्धा पासवर्ड उघडा ठेवतो. एसक्यूएलअल्केमीचे तीन तारेही फक्त ठरलेल्या जागेवरचा पासवर्ड झाकतात; ? नंतर पॅरामीटर म्हणून दिलेला पासवर्ड तसाच छापला जातो.

जोडल्यावर करंट-यूजर, करंट-डेटाबेस() आणि आयनेट-सर्व्हर-ॲडर() सिलेक्ट करा. शेवटचं नल आलं तर तुम्ही सॉकेटवर आहात. पीजी-स्टॅट-एसएसएलमध्ये स्वतःच्या पीआयडीची ओळ पाहिली की टीएलएस खरंच लागलंय का ते कळतं, कॉन्फिग काय म्हणतं ते बाजूला ठेवून.

आणि सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) एक टेस्ट कायमची ठेवा. कंटेनरमध्ये पोस्टग्रेस उठवा, त्यात एक रोल बनवा आणि त्याला मुद्दाम असा पासवर्ड द्या:

अ@:/?#%25 +&='"\;{}$!ब

मग ॲप्लिकेशनचं स्ट्रिंग बांधणारं खरं फंक्शन वापरून जोडा. एक सावधगिरी: अधिकृत पोस्टग्रेस इमेजमध्ये कंटेनरच्या आतून लोकलहोस्टला जोडलं तर पासवर्ड विचारलाच जात नाही, तिथे 'ट्रस्ट' लावलेलं असतं. टेस्ट दुसऱ्या कंटेनरमधून किंवा मॅप केलेल्या पोर्टवरून चालवा, आणि सोबत चुकीच्या पासवर्डाने जोडून ते नाकारलं जातं हेही तपासा. मध्ये %25 आहे तो डबल डिकोडिंग पकडतो, मोकळी जागा + चा गोंधळ पकडते. मायग्रेशनची वाट वेगळी असेल तर तिच्यासाठी ही टेस्ट वेगळी चालवा. वेब चालतं आणि अलेम्बिक पडतं हे इथेच दिसेल.